नव्या जिल्ह्याची दवंडी

चावडीच्या ओट्यावरून मालकांनी डफडं आबांच्या पायाशी फेकलं आणि माझ्या हातात कागद कोंबला. निम्म्या गावाची जमीन त्यांची, म्हणून ते सगळ्यांचे मालक.

"लातूर नवा जिल्हा झालाय. उद्या गुलाल हाय. तू शिकलेली हाईस, तू वाच. तुझा बाप वाजवील."

माणसं हसली. आबा वाकले. डफडं उचलून, सवयीनं, कातडं ताणलंय का ते बोटानं बघितलं. ते माझ्या फार जिव्हारी लागलं.

औशाकडच्या आमच्या गावानं राज्यं पुष्कळ बघितली. निजामाचे हुकूम आजोबांनी पुकारले. पोलिस ॲक्शननंतर गाव हिंदुस्थानात आलं, ते आबांनी पुकारलं. राज्य कुणाचंही असो, दवंडी आमच्याच घरात आणि बदल्यात वरून टाकलेली शिळी भाकर. मग आबांनी बुद्धाची दीक्षा घेतली, डफडं चुलीत घातलं. पुढं महाराष्ट्र झाला, तो आमच्या दवंडीवाचून झाला. काही अडलं नाही.

आता दुष्काळ होता. पाणी फक्त मालकांच्या विहिरीला. आमच्या बायका खाली घागरी मांडायच्या, त्यांचा गडी वरून ओतायचा. आबा त्या पाण्यासाठी वाकले, हे मला कळत होतं. तरी मी डफडं त्यांच्या हातातून काढून ओट्यावर ठेवलं.

"आम्ही पुकारणार न्हाई."

"मग घागरी घिऊन येऊ बी नका," मालक म्हणाले.

बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरे उकरू लागल्या. वाटीवाटीनं पाणी. शेजारची सखू, ओली बाळंतीण, तीही उन्हात बसायची.

"ताई, तुझं बरोबर हाय," ती म्हणाली. "पर माझं दूध आटाय लागलंय."

तिच्या तोंडाकडं मला बघवेना. नकार माझा, तहान तिच्या लेकराची. घरात शिजवलेलं मला गोड लागेना.

आबा म्हणाले, "मी जातो बाई. मालकाच्या पाया पडतो."

जा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी त्यांना खाली बसवलं.

नाही म्हणून मी घरात बसले होते आणि त्याची किंमत सखू मोजत होती. नुसतं नाही म्हणणं पुरत नाही. मी दोर खांद्यावर टाकला, सखूची घागर उचलली. आज विहिरीच्या काठावर मीच चढणार. माझ्या हातानं पाणी शेंदणार. कुणाला अडवायचं असेल त्यानं समोर यावं.