जेवल्याशिवाय गोळी नाही

माझी एक वाईट खोड आहे. समोरच्यानं विचारलेलं नसलं तरी मी शिकवायला लागते. नांदेडच्या शाळेत बावीस वर्षं काढली, जिभेला तेच वळण पडलं. माय मला मास्तरीणबाई म्हणायची. फोनवर मी काही सांगू लागले की हसायची, "बोला मास्तरीणबाई, पाटी घेऊन बसले."

ती जळकोटजवळच्या आमच्या गावात एकटी राहायची. वडील गेल्यावरही शेत सोडून माझ्याकडे यायला तयार नव्हती. तिला बीपीचा त्रास निघाला तेव्हा मीच तिला लातूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक, एकही दिवस चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, एवढंच ते म्हणाले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी त्यात माझी भर घातली. "आणि हे बघ, जेवल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. रिकाम्या पोटी तर अजिबात नाही." पूर्वी गुडघ्यांच्या गोळ्यांनी तिचं पोट जळलं होतं, तेवढ्यावरून मी हे ठरवून टाकलं. डॉक्टरांना विचारायचं तर दहा पावलं मागे जायचं होतं. पण मला सगळं कळतं, असा माझा तोरा.

त्या वर्षी नवरात्र आलं आणि शाळेत परीक्षा सुरू होत्या. सकाळच्या घाईत मी फोन करायची आणि एकच विचारायची, "गोळी जेवूनच घ्यायची बरं का. सांगितलेलं लक्षात आहे ना?"

"हाव, तू सांगितलं तसंच करून राहिले."

ती खरंच तसंच करत होती. घट बसले की तिचा नऊ दिवस कडक उपवास असायचा. संध्याकाळी आरतीनंतर एक केळं आणि कपभर दूध, बाकी काही नाही. लहानपणी त्या केळ्यातलं अर्धं मीच खायची, म्हणजे मला माहीत नव्हतं असंही नाही.

सातव्या दिवशी ती म्हणाली, "डोकं लई जड हाय. मान बी दुखून राहिली."

"उपवासानं पित्त झालं असेल. लिंबूपाणी घे," मी म्हणाले आणि पेपर तपासायला बसले. उपवास हा शब्द माझ्याच तोंडातून गेला, तरी गोळी आठवली नाही. याचा राग मला अजून येतो, आणि तो काढायला दुसरं कुणी नाही.

आठव्या दिवशी सकाळी घटाला माळ घालताना ती कोसळली. शेजारच्या काकूंनी तिला जीपमध्ये घालून लातूरला त्याच डॉक्टरांकडे नेलं. मी पोचले तोवर उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती.

"गोळ्या चालू होत्या ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज," मी छातीठोकपणे सांगितलं.

काकूंनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. "हे घटापाशी हुतं. घट बसल्यापासून एक बी घेतली न्हाई तिनं. जेवल्याबिगर घ्यायची न्हाई, लेकीनं सांगितलंय म्हणायची. उपवास सुटल्यावर घेणार हुती."

डॉक्टर माझ्याकडे वळले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "या गोळीचा जेवणाशी काही संबंध नाही हो. पाण्याबरोबर घेतली असती तरी चाललं असतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता माय नांदेडला माझ्याकडे असते. रोज सकाळी उठल्याबरोबर मी तिच्यापुढे गोळी आणि पाणी धरते. मी तिला शंभरदा सांगितलं, माय, मी चुकले, ही तशीच घेतली तरी चालते. तिला सगळं समजतं. तरी ती ओठ घट्ट मिटते, मान फिरवते आणि डाव्या हातानं स्वयंपाकघराकडे बोट दाखवते. मी नाश्ता आणते, घास भरवते, तोंड पुसते. मग ती शहाण्या मुलीसारखा आ करते.