आईच्या परीक्षेचं टॉनिक

स्टेशनजवळच्या केमिस्टने खोकल्याची औषधं मागे सारून दर्शनी काचेत तपकिरी बाटल्या मांडल्या, की परीक्षा जवळ आली असं आम्ही अंधेरीकर समजायचो. शाळेत वेळापत्रक लागायच्या आधी ती काच सांगायची. मेंदूला ताकद देणारी टॉनिकं. कुणात ब्राह्मी, कुणात फॉस्फरस, कुणावर नुसतंच ‘स्मरणशक्तीसाठी’. प्रत्येक लेबलावर भांग पाडलेला एक मुलगा पुस्तक धरून बसलेला. मुलगी एकाही बाटलीवर नसायची, याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

साठचं दशक संपत आलं होतं आणि मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते. आमचं गावठण स्टेशनच्या पूर्वेला. सगळी घरं आमच्यासारखी, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांची. भोवतीच्या भातशेतांत कारखान्यांचे पत्रे चढायला लागले होते आणि बाबा त्यातल्याच एका कारखान्यात लागले होते. आमच्या आळीत मॅट्रिकपर्यंत पोचलेली मी पहिलीच मुलगी. म्हणून आई मला घेऊन केमिस्टकडे गेली आणि म्हणाली, “पोर अकरावीला हाय. चांगलंसं काय ते द्या.”

बाटली घरी यायच्या आधी चर्चमध्ये गेली. मरियेच्या मूर्तीच्या पायाशी टेकवून मगच तिचं बूच उघडायचं, असं आईने ठरवलं होतं. शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीची आई बाटलीला हळदकुंकू लावायची, तेव्हा हसायचं तरी कुणाला? चव अशी, की गुळाच्या पाण्यात गंजका खिळा रात्रभर भिजत घातलाय. बुद्धीचं मला माहीत नाही, पण झोप फार छान लागायची.

त्याच वर्षी आईच्या मागेही एक परीक्षा लागली होती.

मे महिना हा आमच्याकडे मरियेचा महिना. रोज संध्याकाळी गावठणाच्या तोंडाशी असलेल्या क्रूसापुढे सगळे जमायचे. माळेची प्रार्थना व्हायची आणि मग लदीन. लदीन म्हणजे मरियेला एकेका नावाने हाक मारायची आणि प्रत्येक हाकेनंतर बाकीच्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं उत्तर द्यायचं. हाका मारायचा मान आईचा होता. तिच्या आधी तो तिच्या सासूचा होता. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण ती अख्खी लदीन लॅटिनमध्ये म्हणायची, कुठेही न अडखळता, एखाद्या बिशपला लाजवील अशी. “स्तेल्ला मातुतिना,” आई म्हणायची आणि सगळं गावठण म्हणायचं, “ओरा प्रो नोबिस.” अर्थ एकालाही माहीत नसायचा आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नसे.

मग रोमहून परवानगी आली आणि चर्चमधून लॅटिन जाऊन मराठी आली. नवे तरुण फादर आले, ते उत्साहाने म्हणाले की आता क्रूसापुढेही आपल्याच भाषेत होऊ दे. त्यांनी छापील पुस्तिका वाटल्या. सगळ्यांना आनंद झाला, आई सोडून. फादर तिला अगदी गोड आवाजात म्हणाले, “मावशी, तुम्हाला जमलं नाही तर तुमची मुलगी आहे ना. ती वाचून म्हणेल.” आई हसली, पण घरी आल्यावर तिने मासळी इतकी जोरात घासली की खवले भिंतीवर उडाले.

फादर वाईट नव्हते. पण त्यांचा मला भयंकर राग आला. आईचं ते एकच काम असं होतं, जे करताना तिच्याकडे सगळे मान वर करून बघायचे. एरवी तिला कोण विचारत होतं? ते काम काढून माझ्या हातात द्यायचं आणि वर ते मलाच मोठेपणा म्हणून दाखवायचं!

मग घरात दोन विद्यार्थी झाले. माझा इतिहास-भूगोल संपला की मी पुस्तिकेतून आईला एकेक हाक वाचून दाखवायची आणि ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची. गंमत अशी की लॅटिन तिच्या जिभेवरून घरंगळत जायची आणि मराठी मात्र घशात अडकायची. “ज्ञानाचे आसन,” मी सांगायची. ती थांबायची. “आसन? म्हणजे पाट काय गं?” अर्थ कळला की ती त्याचा विचार करत बसायची आणि विचार करता करता पुढचं विसरायची. “माझं डोकंच गेलंय, बाय,” ती म्हणायची. मी म्हणायची, “डोकं नाही गेलं, शब्द बदललेत.” पण ते तिला पटत नसे.

माझी बाटली भराभर संपायला लागली तेव्हा मला धाकट्या भावाचा संशय आला. एका दुपारी पाहते तर भांडी घासून झाल्यावर आई ओट्यापाशी उभी राहून टॉनिक पीत होती. मला बघून ती दचकली नाही. उलट चमचा चाटत म्हणाली, “माझ्या वयाला किती लिहिलंय, बघ जरा.” मी लेबल वाचलं. मुलांसाठी एक चमचा, मोठ्या विद्यार्थ्यांसाठी दोन. पुढे काहीच नव्हतं. पंचेचाळिशीच्या बाईलाही काही लक्षात ठेवावं लागतं, हे टॉनिक करणाऱ्याच्या ध्यानातच आलं नसावं. आईने आपल्या मनाने तीन ठरवले.

मार्चमध्ये माझी परीक्षा झाली. एप्रिलमध्ये आम्ही केमिस्टकडे गेलो तेव्हा काचेत बाटल्या नव्हत्या, घामोळ्यांची पावडर मांडली होती. केमिस्ट म्हणाला, “आता टॉनिक कशाला? परीक्षा तर झाली ना?”

“तिची झाली,” आई म्हणाली, “माझी मे महिन्यात हाय.”

तो मोठ्याने हसला. त्याला ती थट्टा वाटली. आई हसली नाही. मग त्याने मागच्या फळीवरून बाटली काढून दिली.

मेच्या पहिल्या संध्याकाळी क्रूसाला मोगऱ्याचे हार घातले होते आणि पायथ्याशी मरियेची मूर्ती ठेवली होती. फादर पुढे उभे होते आणि मी आईच्या बाजूला, हातात पुस्तिका घेऊन. घरातून निघतानाच आईने मला बजावलं होतं, “मी अडले तर तू सांगायचं नाय. एकदा तू सांगितलंस, की उद्यापासून तूच म्हणशील.” माळेची प्रार्थना संपली. लदीन सुरू झाली. आई चांगली म्हणत होती. ज्ञानाचं आसन पार पडलं तेव्हा मी श्वास सोडला.

“पहाटेच्या ताऱ्या,” आई म्हणाली.

“आमच्यासाठी विनंती कर.”

आणि आई थांबली. पुढचा शब्द माझ्या बोटाखाली छापलेला होता. फादरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवून खुणावलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. आईची बोटं पदराशी चाळा करत होती. तेवढ्यात, हाक आलेलीच नसताना, सवयीने सगळं गावठण म्हणालं, “आमच्यासाठी विनंती कर.”

आईने मान वर केली. रिकाम्या हाकेलाही उत्तर आलेलं तिने ऐकलं होतं. तिने एकदा मूर्तीकडे बघितलं आणि म्हणाली, “रेशनच्या रांगेतल्या माते.”

पुस्तिकेत हे कुठेच नव्हतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून उत्तर आलं, “आमच्यासाठी विनंती कर.”

“विहिरीला पाणी नाय तरी घागर घेऊन उभ्या राहणाऱ्या माते.”

“आमच्यासाठी विनंती कर.”

आता बायकांचे आवाज चढले होते. लॅटिनमध्ये तिला यातलं एक अक्षरही घडवता आलं नसतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. फादर काय करतात म्हणून मी वळून बघितलं. त्यांनी पुस्तिका मिटून काखेत धरली होती.

आईचा आवाज आता बारीक झाला, पण तो शेवटच्या म्हातारीपर्यंत पोचला.

“विसरणाऱ्या बायांच्या आई.”

“आमच्यासाठी विनंती कर,” सगळे म्हणाले, फादरसुद्धा. फक्त मला म्हणता आलं नाही. माझं बोट अजून पुस्तिकेतल्या त्या छापील शब्दावरच होतं.