द्वारका पीतकंठी

काकांचा फॅक्टरीतून आलेला जेवणाचा डबा काकूने उघडला आणि आतून एक पिवळाधमक पक्षी मान वर काढून आमच्याकडे बघू लागला... पासष्ट सालच्या लढाईचे दिवस होते. चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या तावदानांना ब्लॅकआउटचे काळे कागद चिकटवलेले, खोलीत खळीचा आणि रॉकेलचा वास कोंडलेला, आणि त्या अंधुक उजेडात काकांचा चेहरा मात्र आनंदाने नुसता फुलून आला होता.

काका तोफगोळ्यांत दारू भरण्याच्या खात्यात होते, पण मनाने ते जुन्या गोऱ्या साहेबांच्या मागे रानोमाळ भटकत. हे साहेब अनोळखी पक्षी दिसला की बंदुकीने टिपत, कापूस भरून विलायतेला धाडत, आणि मग त्या बिचाऱ्या पक्ष्याला कुणा कर्नलच्या मडमेचं नाव मिळे. त्या हत्येचा काकांना संताप यायचा, नावाचा मात्र हेवा वाटायचा. काकूला कबूल केलेल्या सोन्याच्या बांगड्या सराफ्यातच राहून गेल्या होत्या; त्याऐवजी तुझ्या नावाचा पक्षी देईन, असा त्यांनी तिला शब्द दिला होता. काकू चेष्टा करायची, पण अंगणात अनोळखी शीळ ऐकू आली की तिचा हात कामात थांबायचा.

हा पक्षी पोळीच्या तुकड्यांसाठी आपल्या पायाने डब्यात शिरला होता. काकांनी फक्त झाकण लावलं. फाटकावर झडती घेणाऱ्या शिपायाला त्यांनी खरं ते सांगितलं, ‘नई चिड़िया है, भैया.’

‘पुरानी भी होती तो ले जाते,’ शिपाई म्हणाला, ‘यहाँ बहुत हैं.’

काकांनी काकूचंच नाव ठेवलं – द्वारका पीतकंठी. काकूने ते दोनदा म्हणून बघितलं. रविवारी तिने ठेवणीतलं लुगडं नेसून शेजाऱ्यांना चिवड्याला बोलावलं, आणि उकाड्याने जीव घाबरा होईल म्हणून पक्ष्यावर झाकलेल्या जाळीदार टोपलीखाली पाण्याची परात सरकवली. पक्ष्याने मनसोक्त अंघोळ केली. पाणी पिवळं होत गेलं, पक्षी मातकट होत गेला... आणि सगळ्यांसमोर परातीच्या काठावर एक ओलीगच्च चिमणी पंख झाडत उभी राहिली.

खात्यातल्या पिवळ्या भुकटीत चिमण्या लोळत असणार. काकांची बोटं पिवळी, उशीचे अभ्रे पिवळे. त्या रंगाला आम्ही इतके सरावलो होतो की कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शेजारी चिवडा चावायचे थांबले. काकांना मान वर करवेना.

‘आता काहून तोंड पाडून राहिलात?’ काकू म्हणाली. ‘चिमणी तर चिमणी. नाव माझं ठेवलंय, ते परत घेऊ नका.’

आणि तिने स्वतःच टोपली उचलून चिमणीला सोडून दिलं. त्या दिवसापासून आमच्या घरात चिमणीला कुणी चिमणी म्हटलं नाही.

काका गेले, मग काकूही गेली. आता रविवारी पहाटे कॅमेरे घेऊन निघणाऱ्या तरुण मंडळींबरोबर मी जाते. न पाहिलेल्या पक्ष्यासाठी त्यांचा जीव कासावीस होतो तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते. परवा कुंपणावर एक चिमणी बसली. मी बघत राहिले.

‘कुछ दिखा क्या, आंटी जी?’ एकाने विचारलं.

‘द्वारका,’ मी म्हटलं.

तो लगबगीने मोबाइलमध्ये शोधू लागला. बराच वेळ शोधून म्हणाला, ‘ये तो कहीं नहीं है.’

मी नुसतं बोट दाखवलं, तोवर ती उडाली होती.