अदपाव दुधाची एकोणीस घरं

अवधूतनं गुरम्माला पाहिलं, त्याच्या पाव तास आधी ऐकलं. लातूरच्या गंजात, भर बाजारात, त्या दुपारी तिची हाळी घुमली तेव्हा कबुतरं उडाली, बार्शीकडून येणारी छोटी गाडी स्टेशनाबाहेरच थबकली आणि एका वकिलानं, आपली चूक काय हे ठाऊक नसताना, ती कबूल करून टाकली. मग दोन म्हशी आल्या. मालकिणीपुढं त्या शेळ्यांसारख्या दिसत होत्या. त्यांच्यामागून कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि डोक्यावर पितळी चरवी घेतलेली गुरम्मा.

"दूध पाहिजे म्हननारा कोन रं?"

"मी," अवधूत म्हणाला आणि हात वर करावेत की काय, या विचारात पडला. "रोज आठ शेर."

गुरम्मानं त्याला पगडीपासून चपलेपर्यंत मापलं. तसं मापायला फार काही नव्हतं. "एवढासा तर हायस तम्मा. ठिवशील कुठं आठ शेर?"

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडचं, त्यामुळं लातूरभरचे पुरुष तिचे तम्मा होते, तहसीलदारसुद्धा.

दूध अवधूतला प्यायचं नव्हतं, पाजायचं होतं. तेराशे अठ्ठेचाळीस फसली, म्हणजे इसवी एकोणीसशे अडतीसचा तो सुमार. लातूरकरांना चहाची गोडी लावण्यासाठी एका चहाच्या कंपनीनं त्याला नांदेडहून इथं धाडला होता. गंजात टेबल मांडायचं, येईल त्याला फुकट चहा द्यायचा आणि दर कपामागं वहीत एक रेघ ओढायची. महिनाअखेरीला रेघा मोजून हैदराबादला कळवायच्या. पहिल्या महिन्यात रोजच्या शंभर रेघा होत्या, चौथ्या महिन्यात तीनशे. अवधूतची छाती त्याच मानानं फुगत गेली.

लोक मोठ्या आदरानं पीत. परगावचा माणूस हात जोडून कप पुढं करतो, त्याला नाही कसं म्हणायचं? ग्यानोबा नावाचा एक हमाल रोज सहा कप पिई आणि गावातले पाहुणेही घेऊन येई. "कुनाच्या नावानं वाटून राहिलात, मालक?" त्यानं एकदा हळव्या आवाजात विचारलं. "वडील गेले का?"

अवधूतचे वडील गावाकडं ठणठणीत होते. ग्यानोबानं त्यांच्या आत्म्याला शांती चिंतून सातवा कप घेतला.

आणि मग पत्र आलं. कप रोज तीनशे, पण वाण्यांकडं महिन्याला चहाच्या पुड्या खपतात जेमतेम सत्तर. इन्स्पेक्टर वसंतराव स्वतः येऊन पाहतील, समाधान झालं नाही तर लातूरचं काम आणि तुमची नोकरी दोन्ही बरखास्त. अवधूतनं पत्र पुन्हा वाचलं. नोकरी गेली तर बायकोला, प्रेमलाला, घेऊन नांदेडला सासऱ्यांच्या घरी राहणं आलं, आणि सासरे तर जावयानं पहिला घास उचलला की विचारत, "मग, पुढं काय ठरवलंत?"

वसंतराव आले त्या दिवशी अवधूतनं दाखवायला गर्दी जमवली. टेबलाभोवती मुंगी शिरेना. साहेबांनी नेमकं ग्यानोबालाच गाठलं.

"आवडतो का चहा?"

"लई! जीव हाय आपला त्याच्यावर."

"घरी करता?"

"घरी?" ग्यानोबा चकित झाला. "घरी कशाला? हितं हाय की!"

साहेबांनी वही मिटली. "अवधूतराव, ही जाहिरात नाही, पाणपोई आहे. उद्या सामान बांधा."

चरवी न्यायला आलेली गुरम्मा हे ऐकत होती. "सायेब, तुमचं मापच चुकून राहिलंय," ती म्हणाली. "फुकटात पिनारी तोंडं मोजताव. मी न्हाई मोजत. पह्यल्यांदा दूध घेनारं गिऱ्हाईक मी गिऱ्हाईकच धरत न्हाई. आठ दिसांनी दार उघडं ठिवून वाट पाहील, तर खरं."

"मग आम्ही काय मोजायचं?"

"पहाटंचं दूध मोजा. लेकरांचं दूध लोक सांजच्याला घेतात. पहाटं अदपाव, येवढंसं दूध मागनारं घर गेल्या साली एक न्हवतं. आता हाईत. का ते या बघाया."

दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरच्या मागच्या बोळांतून म्हशी, गुरम्मा, सोला हॅट घातलेले वसंतराव आणि देव आठवत चाललेला अवधूत अशी वरात निघाली. तिसऱ्याच दारात साखराबाई नावाची गृहिणी भांडं घेऊन कडाडली, "आज लावलास न्हाई का उशीर? पानी उकळून काळंठिक्कर पडलं माझं! आमचे हे चहाबिगर बोलंनात अन् मामंजी उठंनात!" दाराशेजारी कालच्या चहाचा चोथा पडला होता. साहेबांनी वाकून तो हुंगला. पुढच्या दारीही चोथा, त्याच्या पुढच्याही. एकोणीस घरं झाली. त्या बायकांपैकी एकीनंही गंजातलं टेबल पाहिलं नव्हतं. चहा कसा करायचा हे त्यांना मागच्या दारी गुरम्मानंच सांगितलं होतं, टेबलापाशी उभं राहून बघितलेलं.

"ही घरं कधीपासून घेतात?"

"कुनी तीन म्हैन्यांपासून, कुनी दोन. सोडलं एकानंबी न्हाई."

वसंतरावांनी हॅट काढून डोकं पुसलं. म्हणजे सत्तर पुड्या सत्तर हौशी माणसांनी एकेकदा नेल्या नव्हत्या. हीच एकोणीस घरं दर आठ-नऊ दिवसांनी पुडी संपवून नवी आणत होती. तिथंच, एका उकिरड्याच्या काठावर, त्यांनी हुकूम दिला: टेबल बंद, कपांच्या रेघा बंद. अवधूतनं घरोघरी जायचं आणि महिनाअखेरीला एकच गोष्ट कळवायची, चहाला लागून राहिलेली घरं किती.

"म्हणजे नोकरी...?"

"आहे. आधी बसा कुठंतरी, पडाल."

अवधूत एका ओट्यावर बसला आणि पत्र आल्यापासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेऊ लागला. साखराबाईनं बशीत चहा दिला. तो त्यानं एका घोटात संपवला, जीभ भाजली, तरी हसतच राहिला. नांदेडचं ते जेवणाचं पान आता दूर राहिलं होतं. गुरम्माच्या पाया पडायला तो वाकला तर ती म्हणाली, "सर बाजूला तम्मा, म्हस बुजंल."

टेबल त्याच दिवशी उचललं. गुरम्माचं रोजचं आठ शेरांचं गिऱ्हाईक गेलं आणि पुढच्या उन्हाळ्यात तिनं एक म्हैस विकली.