खिडकीवर न आलेला शंभू

डिचोलीच्या एका खाणीवर कॉम्प्युटर आला तेव्हा गोवा राज्य होऊन दहाएक वर्षं झाली होती. मराठी की कोकणी, हा वाद मात्र खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांच्या रांगेत चहाबरोबर रोज ताजा निघे. खेपांचे नंबर आता प्रोग्राम लावणार होता. तो लिहिणाऱ्या म्हापशाच्या साईशने वजनकाट्यावरच्या गुरुदासबाबांना सांगितलं, "ठरवून काही करू नका. मनाला येईल तसा चालवा, कुठे अडतो बघा."

बाबांना आयतंच मिळालं. तालुक्यात कुणाची सासू कुणाशी बोलत नाही हेसुद्धा ठाऊक असलेल्या माणसाला ड्रायव्हरांच्या लबाड्या कुणी शिकवायच्या? सकाळी ते बाबली ड्रायव्हर होत आणि एकच टिपर दोनदा नोंदवत. दुपारी गोकुळदास होत, म्हणजे नंबर लावून जेवायला पसार. प्रत्येक सोंगात एखादी चूक सापडे, साईश ती दुरुस्त करी, आणि बाबा ती तिखटमीठ लावून बाजारभर सांगत.

प्रोग्राम सुरू झाला. रोज सकाळी दोघे-चौघे ड्रायव्हर काट्याच्या खिडकीवर भांडू लागले, की काल खेप मिळाली नाही, तर आज आम्ही शेवटी कसे? बाबा त्यांना लबाड म्हणत आणि कटकट नको म्हणून त्यांचे नंबर हाताने वर घेत. साईशला कळवावं असं त्यांना वाटलंच नाही.

इब्रामपूरचा शंभू तेवढा खिडकीवर येत नसे. टिपरच्या सावलीत बसून राही. बाबांनी त्याचं नाव 'संस्थानिक' ठेवलं होतं.

पंधरवडाभर एकही खेप नाही, म्हणून खाणीच्या नियमाने शंभूचा टिपर रांगेतून कायमचा काढायचा हुकूम आला. बाबांनी तेव्हा कुठे पडद्यावरची रांग नीट पाहिली. काल राहिलेला टिपर आज पहिला यायला हवा. प्रोग्राम त्याला रोज शेवटी टाकत होता, आणि तिथवर खेप पोचतच नव्हती. भांडणारे खरं बोलत होते. बाबांनी सगळी सोंगं घेतली होती, ती लबाडांची. गप्प बसणाऱ्याचं सोंग सुचलंच नव्हतं.

चूक माझी, असं खाणीच्या साहेबांना सांगून त्यांनी हुकूम मागे घ्यायला लावला आणि ते उन्हातून रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले. शंभू टायरला टेकून पाव खात होता. एकदा तरी विचारायचं होतंस, बाबा म्हणाले.

शंभू उठून उभा राहिला. "खिडकेर तुमी असताना, बाब, हांव कित्याक इचारूं?"

तुम्ही असताना मी कशाला विचारू, असं तो म्हणत होता, आणि त्यात टोमणा नव्हता. टिपर पुढे घे, बाबांनी सांगितलं.

"देव बरें करूं," शंभू म्हणाला. बाबांना ते आभार शिवीसारखे लागले.