हुस्नबानो नातीला घेऊन निघाली

शिळफाट्याला कुणाच्या घरी बाळ जन्मलं, की पहिला निरोप जातो हुस्नबानोकडे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, की दुसऱ्या दिवशी सकाळी ही दारात हजर. पदर खोचायचा, मोरीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब करायचे आणि नडग्यांवर पोर पालथं घालायचं. मग तेल, मग पाणी, मग पोराचा टाहो. घरातल्या बायका कळवळल्या तर म्हणते, "रडू दे गं. रडल्याशिवाय आंघोळ झाली असं त्याला तरी कसं कळायचं?"

चाळीस वर्षं झाली या कामाला. तिच्या नडग्यांवर न्हायलेली पोरं आता टेंपो चालवतात, शाळेत शिकवतात. एकजण तर हवालदार आहे. तो फाट्यावर भेटला, की भर रस्त्यात ही म्हणणार, "काय साहेब, पाठ बरी हाय ना? मी रगडलीय ती." तो बिचारा टोपी सारखी करतो आणि गाड्यांकडं बघायला लागतो.

अशी ही हुस्नबानो गेल्या साली साठी ओलांडल्यावर विमानात बसली, तीही सात महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन. कशी बसली ते सांगायला हवं, कारण नातीला घेऊन ती बसू नये म्हणून पुष्कळांनी जोर लावला होता.

तिला दोन मुलगे. थोरला झाकीर, त्याचं हायवेला टायरचं दुकान. गाड्यांच्या आवाजावर ओरडून ओरडून घरातसुद्धा तो मोठ्यानंच बोलतो. धाकटा शारिक रसायनीच्या एका कारखान्यात कामाला. त्याची बायको तस्लीम, माहेर कर्जतला भिसेगावचं. आणि त्यांची नमिरा, घरातलं सगळ्यात लहान माणूस आणि सगळ्यात मोठा आवाज.

शारिकच्या मनात आलं, आपण मलेशियाला जाऊ. तिथल्या एका बेटावर, समुद्राकाठी, चार दिवस. तो, तस्लीम, अम्मी आणि नमिरा. कधी लागतील म्हणून चौघांचे नवे पासपोर्ट त्यानं आधीच काढून ठेवले होते. आता गुपचूप तिकिटं काढली आणि एका शुक्रवारी दुपारचं जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

झाकीरनं हातातली बडीशेप तशीच बशीत ठेवली. "सात महिन्यांचं पोर विमानात? डोकं फिरलंय काय रं तुझं? कान फुटतील तिचे. पाणी बदलंल, हवा बदलंल. आजारी पडली तर तिथं कोण तुझा मामा बसलाय?"

"भाई, लोकं नेतात पोरांना."

"लोकं काय बी करतात. माझं ऐक. तस्लीम आन् पोरगी घरी राहू देत, तिचं तिकीट रद्द कर. तू अम्मीला घेऊन जा. आईला फिरवून आणलंस तर चार माणसं नाव घेतील."

आत स्वयंपाकघरात तस्लीम संध्याकाळच्या पोळ्या लाटत होती. लाटणं मध्येच थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण हळू.

बाकी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. हुस्नबानोच्या आलं. बाईनं कामातला हात थांबवायचा, ऐकायचं, आणि काही न बोलता पुन्हा कामाला लावायचा, हे तिनं स्वतः केलेलं होतं. तेव्हा लाटणं नव्हतं, तांदूळ निवडायचं सूप होतं, एवढाच फरक.

ती उठली, आतल्या खोलीतली पत्र्याची ट्रंक उघडली, तळाशी हात घातला आणि एका जुन्या ओढणीत गुंडाळलेलं पासपोर्टचं पुस्तक आणून झाकीरच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

"माझा जुना पासपोर्ट."

"जुना? तो तू कधी काढलास?"

"वाच की. इंग्रजीत हाय. मला येत नाय म्हणून तुला शाळेत घातला."

झाकीरनं उघडलं. आत फोटो होता, तेवीस वर्षांची हुस्नबानो, भुवया उंचावून बघणारी. तो पानं उलटत गेला. सगळी कोरी. एकावरही शिक्का नाही. मग एका पानावर तो थांबला. तेव्हा लहान मुलांचे वेगळे पासपोर्ट निघत नसत. आईच्याच पासपोर्टात एका पानावर नाव घालत. त्या पानावर एकच नाव होतं. झाकीर. खाली जन्मतारीख.

"तुझे अब्बा कुवेतला होते," हुस्नबानो म्हणाली. "खोली घेतली त्यांनी. पाळणा घेऊन ठेवला. मला चिठ्ठी आली, पोराला घेऊन ये. सगळं तयार झालं. मग तुझी दादी, तुझे चाचा, सगळी बसली, आता तू बसलायस तशीच. म्हणाली, सहा महिन्यांचं पोर हाय, कान फुटतील, पाणी बदलंल. पोर मोठं होऊ दे, मग जा."

"मग?"

"मग तू मोठा झालास. तुझ्या अब्बांची खोली मोठी नाय झाली, ती दुसऱ्याला गेली. पुढं तिथं लढाई सुरू झाली आन् ते एका पिशवीनिशी घरी आले. पाळणा तिथंच राह्यला. मेले तोवर सांगत होते त्या पाळण्याचं."

झाकीर पासपोर्टकडंच बघत होता. आपल्यापायी आई घरी राहिली, हे त्याला एकोणचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. हुस्नबानोनंही नाही. सांगून काय करायचं? पोराची त्यात काय चूक?

"तुझ्यावर राग नाय माझा," ती म्हणाली. "तू तर दूध पीत होतास. राग त्या बसलेल्यांवर हाय. म्हणून सांगते, तू त्यांच्यात बसू नको. तस्लीम जाणार. पोरगी आईबरोबर जाणार. आन् त्या दोघी जात नसतील तर मी बी नाय."

झाकीर उठला. चूक कबूल करायची त्याला सवय नाही, टायरवाल्याला ती परवडतही नसेल. दारातून म्हणाला, "जावा. पण पोर आजारी पडलं तर मला फोन करू नका."

बातमी बाजारात पोहोचायला कितीसा वेळ! भाजीवाली भागूबाई कोथिंबिरीची जुडी देता देता म्हणाली, "काय गं, तान्ही पोर घेऊन फॉरेनला निघालीस म्हणं? या वयात देवाचं नाव घ्यावं माणसानं."

"विमानात बी घेता येतं की नाव. उलट तिथनं जवळ पडतं."

"आन् पोरीला काय झालं तर?"

"तर तिची आई हाय, आजी हाय. तू काय करणारेस इथनं, कोथिंबीर धाडणारेस?"

भागूबाईनं तोंड फिरवलं, पण जुडीत दोन काड्या जास्त घातल्या.

एकटी चिंधी तेवढी वेगळं बोलली. डोंगरातल्या वाडीवरची ही बाई रानातून मुरडशेंगा आणते, पिळाच्या सुतळीसारख्या दिसणाऱ्या वाळक्या शेंगा. पोराचं पोट दुखलं की घुटी करायला लागतात. हुस्नबानोला या कामासाठी दुसऱ्या कुणाची मुरडशेंग चालत नाही. चिंधीनं पुडी बांधून दिली आणि म्हणाली, "आमी पोराला पाठीला बांधून रानात जातो, तू इमानात ने. पोर आईपाशी हाय ना? मंग झालं."

त्या पुडीत हुस्नबानोनं हळकुंड आणि जायफळ घातलं, आणि सगळं पिशवीत ठेवलं. आणि सहाण. सहाणेशिवाय घुटी कशी उगाळायची? ही सहाण तिच्या आईची. मध्ये उगाळून उगाळून वाटीसारखा खड्डा पडलेला. मोठ्या बॅगेत फुटेल म्हणून तिनं ती हातातल्या पिशवीत घातली, नमिराच्या दुपट्यात गुंडाळून.

विमानतळावर ती पिशवी यंत्रातून गेली आणि अडकली. खाकीतल्या बाईनं दुपटं उलगडलं. "हा दगड कशाला, आजी?"

"पोरीच्या घुटीला."

"दगड आत नेता येत नाही."

"डोक्यात घालायचा असता तर एवढा गुळगुळीत आणला असता का मी?"

शारिक कळवळून म्हणाला, "अम्मी, सोड ना. मोठी बॅग गेली आता. विमान जाईल." मागची रांग चुळबुळायला लागली. कुणीतरी म्हणालं, "एवढ्या लहान पोरांना घेऊन निघतातच कशाला!" तस्लीमनं मान खाली घातली.

हुस्नबानोनं मागं वळून त्या माणसाला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमाला तुमच्या आईनं मोठं झाल्यावरच आणला वाटतं जगात," ती म्हणाली. मग सहाण उचलली, पदरानं पुसली आणि त्या बाईच्या हातात दिली. "ठेव. पण पालथी घालून ठेव, म्हंजे खड्ड्यात धूळ बसत नाय." आणि मुरडशेंगांची पुडी घेऊन पुढं निघाली. आईची वस्तू गेल्याचं दुःख तिला विमान उडेपर्यंत पुरलं. उडाल्यावर नमिरानं दूध पिता पिता जी झोप काढली, ती थेट उतरेपर्यंत. कान शाबूत.

बेट छान होतं. पहिला दिवस सगळा समुद्रात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळेला नमिरानं रडायला सुरुवात केली.

साधं रडणं नव्हतं. पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून, लालबुंद. हॉटेलच्या त्या मोठ्या खोलीतले सगळे लोक हातातले काटे थांबवून बघायला लागले. तस्लीम तिला घेऊन खोलीकडे पळाली, मागोमाग शारिक आणि हुस्नबानो. घोटाघोटानं पाणी दिलं, फिरवलं, खांद्यावर घेतलं. काही फरक नाही. तस्लीम पलंगाच्या कडेला बसली आणि स्वतःच रडायला लागली.

"भाई बोलले ते खरं झालं, अम्मी. माझंच चुकलं. मलाच लई हौस. घरी राह्यले असते तर…"

"घरी राह्यली असतीस तर घरी रडली असती," हुस्नबानो म्हणाली. "पोट दुखतंय तिचं. शिळफाट्याला काय पोट दुखत नाय? मी चाळीस वर्षं दुसरं काय बघते?"

बोलली ठसक्यात, पण पंचाईत होती. मुरडशेंग होती आणि सहाण नव्हती. तिनं खोलीभर नजर फिरवली. सगळं कसं गुळगुळीत, काचेचं, पॉलिशचं. मग चहाच्या टेबलावरचा कप तिनं उचलला आणि उलटा केला. खाली बुडाला कडेनं खरखरीत गोल होता, चकाकी न चढवलेला. घरी विळीची धार बोथट झाली, तर ती अशाच कपाच्या बुडावर विळी घासायची. कप उकळत्या पाण्यानं धुतला, बुडावर उकळून निवलेल्या पाण्याचे चार थेंब घातले, आणि उगाळायला लागली. जरा वेळानं कडेला तपकिरी रेघ उमटली.

"शारिक, गरम पाणी सोड. तस्लीम, तेल दे."

न्हाणीघरात भिंतीला नळी होती, खाली पाणी जायला जाळी होती. पाट नव्हता, म्हणून जाड टॉवेल घडी करून घातला. हुस्नबानो त्यावर बसली, पाय लांब केले, बोटावरची घुटी पोरीच्या जिभेला लावली आणि तिला नडग्यांवर पालथी घातली.

नेमका तेव्हाच फोन वाजला. झाकीरचा, व्हिडिओवर. फोन करू नका म्हणालेला तोच.

"उचलू नको," तस्लीम शारिकला म्हणाली. "पोरीचा आवाज ऐकतील. घरभर करतील."

"उचल रं," हुस्नबानो म्हणाली. "आन् इकडं धर. माझे हात तेलाचे हायेत."

पडद्यावर झाकीर दिसला, मागं टायरांची रास. नमिराचा टाहो त्याच्या दुकानात घुमला. "काय झालं? आजारी पडली ना? मी बोललो होतो!"

"पोट दुखतंय म्हणून रडतंय. पोर रडतं. लपवायचं काय त्यात? तू मोरीत न्हाताना एवढा रडायचास की पलीकडली भांडी खाली पडायची. म्हणून काय मोरी बंद केली आमी?"

"अम्मी, परत या तुम्ही. मी…"

"परवा येणार. तिकिटावर लिवलंय तेव्हा. तोवर ही रडंल, गप बसंल, परत रडंल. रडणारं पोर घेऊन आम्ही इथं राहणार, समुद्रात जाणार, जेवायच्या खोलीत सगळ्यांच्या मधोमध बसणार. तुला बघायचं असंल तर बघ, नायतर टायर बघ."

झाकीर बघत राहिला. हुस्नबानोचे अंगठे पोरीच्या पाठीवरून खाली गेले, मग पोटाशी गोल फिरले. एकदा, दोनदा, दहादा. नमिरानं मोठा वारा सोडला, असा की फोन धरलेला शारिक दचकला. आणि रडं ओसरत गेलं.

फोनमधला झाकीर पुढं वाकला. मग झाकीर हळू म्हणाला, "मुरडशेंग तिथं कुठं मिळाली?"

"चिंधीची हाय. तुझ्या पोटात गेली ती तिच्या आईनं आणलेली."

दुपारी चौघं जेवायच्या खोलीत मधोमध बसली. तस्लीमनं पोरीला मांडीवर घेतलं आणि मान खाली घातली नाही.

परत आल्यावर झाकीर फाट्यावर उभा होता. सहलीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. नमिराला घेतलं, तिचे दोन्ही कान नीट तपासले, आणि तिचा पासपोर्ट मागितला. शिक्क्याचं पान बराच वेळ बघितलं. नंतर आईचा तो जुना कोरा पासपोर्टही त्यानं मागून घेतला. तो आता त्याच्या दुकानाच्या कपाटात असतो. कशाला ठेवलाय, हे हुस्नबानो विचारत नाही.

सहाण तिनं नवी घेतली. ती अजून सपाट आहे, खड्डा पडायला वेळ लागेल. बाकी काम तेच. फक्त हल्ली नव्या बाळंतिणीच्या घरी गेली, की पाणी किती कढत आहे ते बघायच्या आधी ती एक गोष्ट विचारते.

"जन्मदाखला काढलास का गं?"

"एवढी घाई कशाला, चाची?"

"पासपोर्टाला लागतो," हुस्नबानो म्हणते, आणि पाय लांब करते. "आण इकडं पोर."