न पिकलेला मोतीबिंदू

पेटीच्या तळाशी डोळ्यांवरची हिरवी पट्टी सापडली आणि सत्तरच्या दशकातला, अमळनेरच्या नेत्रशिबिराचा स्पिरिटच्या वासाचा मांडव आठवला. आबांना, माझ्या वडिलांना, दिसेनासे झाले होते. कापूस वेचणी सोडून त्यांना नेणे मला जड वाटे, म्हणून “मोतीबिंदू पिकला नाही, डॉक्टर थांबा म्हणाले,” असे मी दोन हिवाळे सांगितले. डॉक्टरांना मी विचारलेच नव्हते. अखेर शिबिरात नेले, तेव्हा “फार उशीर केलात, पाहू,” असे तिथले डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी पट्टी सुटली. आबा माझ्या वाळलेल्या अंगाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “कितला दुबया व्हयना रे भो, जेवस का नही?” मांडवाचा खांब धरून मी मनसोक्त रडलो. त्यांची नजर शेवटपर्यंत टिकली. माझे खोटे मात्र त्यांना सांगायचे राहिले, ते आज लिहितो आहे.